उघडं बोट

९ मार्च १९७१, ताश्कंद
कारखान्यात नवी मुलगी आली एकदाची! अंदिजानची मतलुबा. वय बावीस. बसवली नेमकी माझ्या शेजारच्या टेबलावर. मुकादम युनुसअका म्हणाले, "सनोबर, तू आमची सगळ्यांत जुनी. हिला शिकव."
जुनी! चौतिसावं आत्ता कुठे लागलंय मला.

१२ मार्च
शिकवायला काही उरलंच नाही. केसाहून बारीक सोन्याची तार, सूक्ष्मदर्शकाखाली, सिलिकॉनच्या कणावर टेकवायची. एक तार इकडे, एक तिकडे — झाला ट्रान्झिस्टर. मला जमायला आठ महिने लागले होते. हिला तीन दिवस. वर गुणगुणते काम करताना!

२ एप्रिल
शंभरात माझे नऊ बाद. तिचे दोन.
घरी जेवताना एर्गाश म्हणतो, "ती नवी मुलगी फार हुशार आहे म्हणे?" नवऱ्यापर्यंतही पोचलं! पुलाव तसाच टाकून उठले.

१९ एप्रिल
लेनिनग्राडला नव्या यंत्रांचं शिक्षण. सहा महिने. आमच्या विभागातून एकच जागा. दहा वर्षं वाट बघितली मी या जागेची. आज यादी लागली — मतलुबा!
सगळ्याजणी तिला मिठ्या मारत होत्या. मीही मारली.

२० एप्रिल
लिहू की नको?
जेवणाच्या सुट्टीत सगळ्या खाली गेल्या. मी बोटावरची रबरी टोपी काढली. उघडं बोट तिच्या तबकातल्या कणांवरून फिरवलं. हळूच, कुरवाळल्यासारखं. माणसाच्या बोटाचा घाम लागला की ट्रान्झिस्टर मेला. लगेच कळत नाही. भट्टीत तापवून तपासतात, तेव्हा कळतं.
मग खाली जाऊन दोन वाट्या सूप प्यायले. भूकही लागली होती!

२६ एप्रिल
तिचे शंभरात एकसष्ट बाद. युनुसअका सगळ्यांसमोर कडाडले, "जायच्या आधीच डोक्यात लेनिनग्राड शिरलं! असला गलथानपणा?"
ती मान खाली घालून उभी.
तिचं नाव खोडलं. माझं लिहिलं.

५ मे
एर्गाशने नवी बॅग आणली. आनंद का होत नाही?

११ मे
निघायच्या आदला दिवस. कपडे बदलायच्या खोलीत मतलुबा आली. फडक्यात गुंडाळलेला नान माझ्या हातात दिला. "वाटेत खा, ओपा." मला थोरली बहीणच म्हणते ती. मग हळूच —
"मी बघितलं होतं त्या दिवशी. दारातून."
मी नान बाकावर ठेवला. "मग बोलली का नाहीस?"
"तुमची नोकरी गेली असती. आणि मला कुठे जाता येणार होतं? बाबांनी बजावलंय — लेनिनग्राडचं नाव काढलंस तर कारखान्यात जाणं बंद, लग्न लावून देतो. म्हटलं, दोघींपैकी एक तरी जाऊ दे."
"तुला जायचं होतं?"
ती हसली. डोळे भरून आले होते तिचे.
आणि खरं सांगते, त्या क्षणीही मनात आलं — यातही हीच पुढे!

१२ मे
गाडी गेली. मी नाही गेले. युनुसअकांना सगळं सांगितलं. सन्मानफलकावरचा माझा फोटो उतरवला. उद्यापासून खोकी भरायच्या कामावर. मतलुबाचं नाव पुन्हा यादीत. तिच्या घरून होकार यायला पंधरा दिवसांची मुदत आहे.
रविवारी अंदिजानला जातेय. तिच्या वडिलांच्या अंगणात बसणार. ते हो म्हणेपर्यंत उठणार नाही.