मी नदी हलवली

नाना, कादंबरी तिसऱ्यांदा लिहायला घेतली आहे आणि या खेपेला ती पुरी करणार आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होता, त्याहून मी आता मोठी आहे. गाव मात्र तेच आहे, नदीकाठचं, ज्याच्या शिवारात एक दिवस कारखाना येतो.

ते गाव मी वसवलं तेव्हा पिंपरीला खराच एक नवा कारखाना उभा राहत होता आणि तुम्ही तिथे ड्रॉइंग ऑफिसात होता. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी बसले होते. सिस्टरांनी वळणदार अक्षर, सरळ समास आणि नीटनेटकेपणा असा अंगात मुरवला होता की कादंबरीसुद्धा मला आधी नीट मांडून ठेवायची होती. तुम्ही रद्द झालेले मोठे कागद घरी आणायचा आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गाव काढायची. कुठलं घर कुठल्या आळीत, कोणाच्या विहिरीचं पाणी मचूळ, कोणाची आजी कुठून आलेली, कोणाचं कोणाशी बोलणं बंद. आई भाकरी थापता थापता विचारायची की या गावातलं कुणी कधी घराबाहेर पडतं का. मी म्हणायची, अजून सगळी घरं झाली नाहीत.

एकदा तुम्ही डबा विसरलात आणि तो घेऊन मी ऑफिसात आले. तुम्ही उंच स्टुलावर बसला आहात, समोर ट्रेसिंगचा पारदर्शक कागद ताणलेला. तेवढ्यात एक फिटर आत येतो, मावळातला, तुमच्याच वयाचा, हातात तेलाचे डाग पडलेली ब्लूप्रिंट. तो ती टेबलावर पसरतो आणि अगदी शांतपणे म्हणतो, "सायेब, कागदावं समदं ब्येस हाय. पर नट आवळाया पाना फिरवू कुटं?"

मला वाटलं तुम्ही रागावणार. तुम्ही हसलात आणि त्याच्याबरोबर शॉपवर, यंत्रं जोडतात तिथे, गेलात. परत आल्यावर ब्लेडने ट्रेसिंगवरची शाई हलक्या हाताने खरवडलीत, रेघ थोडी सरकवलीत आणि खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत बदलाची खूण म्हणून एक अक्षर टाकलंत. तिथे आधीच्या बदलांची चार अक्षरं होतीच. मी म्हटलं, किती खराब झालं हो हे. तुम्ही म्हणालात, "ज्याचा कोपरा कोरा, ते ड्रॉइंग अजून शॉपवर गेलेलंच नसतं." आणि संध्याकाळी, कधी नव्हे ते, माझी गुंडाळी मागून घेतलीत. एकेक कागद चिमणीच्या उजेडात धरून पाहिलात, विहिरीसुद्धा. "सुंदर आहे. शॉपवर कधी धाडणार?" एवढंच विचारलंत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

त्यानंतर लग्न, शाळेतली नोकरी, मुलं, आणि गाव आपलं वाढतच राहिलं, कारण गाव वाढवताना लिहिल्यासारखं वाटतं. तुम्ही गेल्यावर प्रत्यक्ष लिहायला बसले तेव्हा कळलं की कादंबरीतल्या माझ्या मुलीला रागाच्या भरात घरातून निघून कारखान्याच्या फाटकाशी पोचायचंय आणि मधे नदी आहे. नकाशा मोडवेना, म्हणून पहिल्या खेपेला मी तिला पुलावरून नेलं. दोन पानं ती चालतेय, आणि पोचते तेव्हा तिचा राग निवून गेलेला. दुसऱ्या खेपेला नाव आणली, तर नावाड्याचं अख्खं घराणंच सांगत बसले. या खेपेला मी नदी हलवली. चार आळ्या गेल्या, मचूळ पाण्याची विहीर गेली, जीव कळवळला. पण मुलगी रागात फाटकाशी आली. आता रोज सकाळी आधी गोष्ट पुढे नेते. तिला एखादं घर लागलंच, तर तेवढंच बांधते. दुपारी कालची पानं खोडते.

एक सांगायचं राहिलंय, आणि हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही म्हणून सांगवतंय. शेवटच्या आजारात तुम्ही विचारलंत, पहिलं प्रकरण झालं का. मी हो म्हटलं. वाच म्हणालात. मी वही उघडली आणि अर्धा तास वाचलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "तिला फाटकाशी एवढी उभी नको करूस गं. आत जाऊ दे." नाना, त्या वहीत प्रकरण नव्हतंच. गावातल्या घराण्यांच्या याद्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघत मी सुचेल ते बोलत होते. पान उलटायचंही भान राहिलं नव्हतं. ते तुमच्या लक्षात आलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. त्या अर्ध्या तासातलं जेवढं आठवलं, तेवढंच आजही माझं पहिलं प्रकरण आहे.