मुहूर्ताच्या वेळी आम्ही बालाजीपाशी काऊन होतो

सोनाळा,
शनिवार

सोयऱ्यांत थोर विहीणबाई मंजुळाबाई यांना सोनाळ्याहून गीताबाईचा वाकून दंडवत.

इकडे सगळे दोन्ही टाइम जेवून आहेत. तुमच्याकडे कोणी रागानं उपाशी राहत असंल तर कळवा. तुमचे गुडघे कसे आहेत? एरंडाचं तेल चोळत जा; डॉक्टरले दाखवून गुडघा बरा झालेला माणूस मी तरी पाह्यला नाही. तुमची सून, म्हणजे माझी छाया, बरी असंलच. नसली तरी मले कळायचं नाही, कारण तिच्या लेकीच्या लग्नापासून ती माझा फोन उचलत नाही. म्हणून हा कागद. माझी शाळा दुसरीपर्यंत (तिसरीत मास्तरनं कान पिळला, मी त्याच्या हाताले चावली, तिथं शाळा संपली), तवा अक्षर सांभाळून घ्या.

आमच्यावर जो आळ आहे तो आधी मीच लिहून टाकते. अनुपमाच्या अक्षतांले तिची आजी म्हणून मी आणि नवरीचा मामा म्हणून माझा गोपाल, दोघंही हजर नव्हतो. भटजीनं माइकवर मामाच्या नावानं हाका मारल्या, आणि शेवटी नवरीच्या मागं तुमचा भाचा कुलदीप उभा राह्यला. त्याच घटकेले आम्ही मायलेक देऊळगाव राजाले बालाजीच्या देवळात प्रसाद खाऊन राह्यलो होतो, हे तुमच्या दिरानं, अर्जुनरावांनं, डोळ्यांनं पाह्यलं आणि मागून येऊन मांडवभर सांगितलं. (म्हणजे त्या वक्ती तेही देऊळगावलेच होते, अक्षता त्यांच्याही हुकल्या. पण त्यांना कोण विचारते?) तुम्ही भर मांडवात छायाले म्हटलं म्हणे, "तुझ्या माहेरच्याले लेकराच्या लग्नापरीस प्रसाद मोठा." अर्जुनराव खोटं बोलले नाहीत. प्रसाद खाल्ला. कसा खाल्ला ते ऐका.

गोपालनं दिवाळीत गाडी घेतली. तिच्यात पुढं टीव्ही बसवलेला आहे. त्याले फोन जोडला की रस्ता दिसते, आणि आतून एक बाई सांगते, इकडं वळा, तिकडं वळा. मी म्हटलं, सोनाळ्याहून चिखली सांगायले भाड्याची बाई कशाले पाह्यजे? पण कार्यालय नवीन, चिखलीच्या भायेर, नेमकं कोणत्या अंगाले ते आमच्यात कोणाले माहीत नाही. पत्रिकेत "बायपासजवळ" एवढंच. (पत्रिका तुमच्याकडची. मी काही म्हणत नाही.) गोपालचा फोन आदल्या दिवशी मोटर सुरू करताना विहिरीत गेला. सून अश्विनी आधीच तुमच्याकडं आलेली, तिचा फोन तिच्यासंगं. राह्यला माझा. त्याले वायर लावली तर गाडीनं विचारलं, या फोनले आत घेऊ का? घे म्हटलं. मग फोन विचारते, या गाडीवर भरोसा आहे का? आहे म्हटलं. गाडी म्हणे थांबा. फोन म्हणे पुन्हा सांगा. तुमच्याकडून छायाले मागणी आली तवा मधल्या माणसानं इतक्या खेपा घातल्या नव्हत्या. शेवटी गोपालनं वायर काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, पुन्हा खोचली, तवा कुठं सोयरीक जुळली.

आता ठिकाण सांगायचं. माझ्या फोनची काच खालून फुटलेली (बकरीनं पाय दिला), तिथं बोट लागत नाही, लिहिता येत नाही. मी त्याले बोलूनच काम सांगते. गोपालचा घसा रानडुकरं हाकलून हाकलून बसलेला, तोंड उघडलं की नुसती हवा. म्हणजे बोलायले गाडीत उरली कोण, तर मी. आणि त्या कार्यालयाचं नाव, विहीणबाई, आमच्या मालकांचं! बांधणाऱ्यानं आपल्या बापाचं नाव दिलं, आणि त्याच्या बापाचं आणि यांचं नाव एक. साऱ्या जिल्ह्यात कार्यालयांचा काय दुष्काळ होता? पण तुम्ही तेच धरलं. असो. हे होते तवा मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, आता पाठीमागं काऊन घेऊ? तुम्हीही घेत नाही, तुम्हाले समजंल. "गोपालच्या बापाचं कार्यालय" म्हटलं तर टीव्हीवर गोपाल नावाची दूध डेअरी आली. "आमच्या घरच्यांचं" म्हटलं तर बाई आम्हाले माघारी घराकडं वळवाले लागली. गोपाल हात जोडे, कपाळ बडवे. मग म्हटलं, बिनउखाण्याचं नाव आजवर घेतलं नाही, तर उखाण्यातच घेऊ. पदर सारखा केला आणि टीव्हीकडं तोंड करून म्हटलं:

देऊळगावच्या बालाजीले वाहते तुळशीचं पान,
. . . . रावांचं नाव घेते, राखते सोयऱ्यांचा मान.

(तिथं घेतलं ते घेतलं. कागदावर पुन्हा घेणार नाही.) गोपालनं जन्मात माझ्या तोंडून बापाचं नाव ऐकलं नव्हतं, तो माझ्याकडं पाहतच राह्यला. मी लाजेनं खिडकीच्या भायेर पाह्यलं. टीव्हीकडं पाहणारं कोणी उरलं नाही. त्या बाईनं उखाण्यातला पहिला पत्ता उचलला, नवऱ्याचं नाव सोडून दिलं, आणि म्हणे सरळ जा.

चिखलीत गोपालनं गाडी हळू केली. माझ्या कानाशी वाकून कसंबसं फुसफुसला, "माय, बायपास मागं राह्यला वाटते. कोणाले विचारू काय?" खरी चूक इथं आहे, आणि ती माझी आहे. मी म्हटलं, "काऊन? मी भर रस्त्यात तुझ्या बापाचं नाव घेतलं, त्याची काही किंमत आहे का नाही? बाई सांगते तसा चाल." बिचारा चालला. मधात छायाचे फोन आले, ते टीव्हीवर वाजले. माझ्या फोनवर बोट वर सरकवलं की बोलणं सुरू होते. टीव्हीवर तसंच सरकवलं तर बोट लाल वाटोळ्यावर जाऊन फोन कटे. दर खेपेले कटला. म्हटलं घाई लावत असंल, पोचल्यावर बोलूच. पुढं देऊळगाव मही लागलं, जालन्याच्या पाटीची यष्टी आडवी गेली, तरी मी तोंड मिटून. समजलं नव्हतं असं नाही. कबूल करायचं नव्हतं. बालाजीच्या देवळापाशी बाई म्हणे, तुम्ही पोचले.

गोपाल उतरेचना. मुहूर्त टळून राह्यला होता. मी म्हटलं, आता इथून काही तुझ्या अक्षता पोचत नाहीत, देव पुढ्यात आहे, पाया पड. पाया पडलो. पुजाऱ्यानं हातावर प्रसाद ठेवला, तो काय फेकून देऊ? तेवढ्यात अर्जुनराव दिसले. त्यांनी प्रसादाकडं पाह्यलं, मी लांबूनच नमस्कार केला. काय सांगू, गाडीपुढं उखाणा घेतला म्हणून?

परत आलो तवा पंगती उठल्या होत्या. मामानं द्यायची पिवळी साडी आमच्या डिक्कीत, आणि अनुपमा कोणाचीतरी दुसरीच नेसून उजवलेली. फुलांच्या गाडीत बसली होती. गोपालनं काच वाजवली. तिनं काच खाली केली, "मामा" म्हटलं, आणि याच्या घशातून हवाच निघाली. गाडी गेली. मी आजवर लय माणसं वाटे लावली, कधी रडली नाही, तिथंही रडली नाही. पण तवापासून तो गाडीवर कापड टाकून यष्टीनं फिरून राह्यला, ते मले पाहवत नाही.

तर दोष गोपालचा नाही, आणि छायाचा तर कशातच नाही. बोलायचं ते मले बोला, चारचौघांत बोला, मी ऐकून घेते. छायाले बोलू नका. ती आता माझ्यापरीस तुमची जास्त आहे. तुमच्यासारखी समजदार विहीण आमच्या नशिबानं मिळाली, हे मी सोनाळ्यात सगळ्यांले सांगते.

लहान-मोठ्यांले ज्याचा त्याचा मान पोचवा.

तुमची चुकलेली विहीण,
गीताबाई

ता. क. कुलदीप मामाच्या जागी चांगला उभा राह्यला. फोटो पाह्यला. पोट आत घेऊन इतका वेळ उभं राहणं सोपं नाही, त्याले माझा आशीर्वाद सांगा.

आणखी ता. क. छाये, इथून मोठ्यानं वाचू नको. तुझ्या सासूले अक्षर ओळखू येत नाही, हे मले तुझ्या लग्नापासून माहीत आहे. त्यांच्या नावाचा कागद आला की तो तुलेच वाचावा लागते, म्हणून पत्ता त्यांचा टाकला. आवाज का थांबला विचारतील, तर सांग की सगळ्यांले नमस्कार लिहिला आहे. वर त्यांना समजदार म्हटलं तिथं तू हसली असशील, तर तेवढं बरं झालं. तुझे फोन मी कापले नाहीत, बोटानं कापले. पण तुले त्या वक्ती काय वाटलं असंल ते विचारायले मले तोंड नाही. आता रोज दुपारी त्या आडव्या झाल्या की मी फोन करीन. माफ कर म्हणत नाही. ते तुले जमणार नाही, तू माझीच लेक आहेस. शिव्या दे. पण फोन उचलून दे.