लोणच्याच्या बरणीतली बर्बन

आई, आज कात्रपच्या दुकानातून मी तुझी ती मक्याची दारू विकत आणली. दुकानातल्या नव्या पोरानं आधी माझ्या काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आजी, कोणासाठी पाहिजे?" माझ्यासाठीच, म्हटल्यावर तो जरा गडबडला. मग त्यानं स्कॉचच्या बाटल्या पुढे मांडल्या, एकीचा खोका तर शालूच्या खोक्यापेक्षा भारी. मी म्हटलं, त्या नकोत, ती खालच्या फळीवरची दे, धूळ बसलीय ती. "ती बर्बन आहे आजी, अमेरिकेची. तिला कोण हात लावत नाय. लोकांना स्कॉच पाहिजे, चारचौघांत सांगायला बरं पडतं." बिचाऱ्यानं फडक्यानं बाटली पुसून दिली आणि नियमाप्रमाणे एका दिवसाचा परवानाही फाडून हातात ठेवला. तुझ्या बरणीला तेवढाही नव्हता, हे आठवून मी घरी येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते.

अंबरनाथचं आपलं कारखान्याचं क्वार्टर मला अजून भिंतीभिंतीसकट आठवतं. दारूबंदी येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बाबा स्टोअरमध्ये होते आणि त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. क्वार्टर नोकरीबरोबरचं, त्यामुळे एक गेलं की दुसरं जाणार हे घरात सगळ्यांना पाठ. त्यातून कारखान्याचे मोठे साहेब दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. एका फोरमनच्या डब्यात बाटली सापडली, तर संध्याकाळी त्याचं बिऱ्हाड बैलगाडीत चढलेलं आम्ही गॅलरीतून पाहिलं होतं, त्याच्या बायकोच्या मांडीवर तुळशीची कुंडी होती. त्या दिवसापासून बाबा खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन मग घ्यायचे.

अशा घरात तो अमेरिकन इंजिनिअर जेवायला यायला लागला. नवी मशीन बसवायला आला होता, गेस्ट हाऊसचं जेवण त्याला मानवेना, म्हणून बाबांनी एका रविवारी त्याला घरी आणलं. उंच इतका की स्वयंपाकघराच्या दारात वाकून उभा राहायचा. तू त्या दिवशी मक्याच्या कणसांचा कीस केला होतास, वर खोबरं-कोथिंबीर. त्यानं पहिला घास घेतला आणि खाणं थांबवून बशीकडे बघत बसला. तुला वाटलं, तिखट लागलं. बाबांनी विचारून सांगितलं, त्याच्या घरी मक्याचीच शेती आहे, त्याला आईची आठवण आली. तू आणखी दोन पळ्या वाढल्यास. त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला आणि मराठीतला एकच शब्द शिकला, 'पुरे', तोही तू वाढून झाल्यावर म्हणायचा.

मग एका रविवारी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन आला. परदेशी माणूस म्हणून त्याच्याजवळ परवाना होता आणि ही त्याच्याकडची शेवटची. त्याच्या गावात करतात म्हणे, मक्याची, आणि तिकडचे बडे लोक तिला विचारत नाहीत, त्यांनाही बाहेरचीच लागते. बाबा मराठीत सांगत होते खरे, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुला मात्र भलतंच कुतूहल. कशात ठेवतात, किती दिवस ठेवतात, सगळं तू विचारून घेतलंस. लाकडाचं पिंप आतून जाळून काळं करतात, मग त्यात भरतात, असं त्यानं हातवारे करून दाखवलं, तेव्हा तू लगेच मान हलवलीस. "म्हणजे धुरी देतात. आपण बरणीला देतो तशी."

तो गेला आणि बाबा म्हणाले, "आत्ताच्या आत्ता मोरीत ओत." तू पदर खोचून उभी. "पाहुण्यानं आपल्या गावचं दिलंय. मक्याचं आहे. मी अन्न मोरीत ओतत नाही." बाबा म्हणाले, "अगं, पण कुणी पाहिलं तर रस्त्यावर येऊ." तू म्हणालीस, "पाहिलं तर ना?" आणि तू चिनीमातीची एक बरणी घेतलीस, निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून ती वर पालथी धरलीस. तो हिंग उल्हासनगरच्या कॅम्पातून येणाऱ्या सिंधी फेरीवाल्याकडचा. "असली माल है भाभी, एक कंकर में पूरा मोहल्ला महकेगा," असं तो दर वेळी म्हणायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. सगळी बाटली तू त्या बरणीत रिकामी केलीस, तोंडावर फडक्याचा दादरा बांधलास आणि लोणच्यांच्या रांगेत अगदी मागे ठेवून दिलीस. बाटलीचं लेबल भिजवून काढलंस आणि तिच्यात खोबरेल भरलंस. आम्हाला सांगितलंस, जुनं लोणचं मुरत ठेवलंय, पारोशानं हात लावला तर बुरशी येईल. एवढं पुरेसं होतं. घरात चोरापेक्षा बुरशीची भीती जास्त.

दादरा बांधायच्या आधी तू काय केलंस ते मी दारातून पाहिलं. तळहातावर तीर्थासारखे चार थेंब घेतलेस, तोंडात टाकलेस, डोळे मिटलेस आणि स्वतःशीच म्हणालीस, "आधी गूळ. मग लाकूड. मग मिरं." आई, मी आजही त्याच क्रमानं चाखते. खालच्या फळीवरच्या, कुणी न विचारलेल्या बऱ्याच बर्बन मी आतापर्यंत घरी आणल्या. एकीत मक्याच्या जोडीला गहू असतो, तिची गोडी कुरडयांच्या चिकासारखी मऊ, ती तू वाटीनं प्यायली असतीस. एकीत राय नावाचं धान्य पडतं, ती घशाशी चावते, थंडीत बरी. आणि एक आहे अगदी साध्या लेबलची, सगळ्यांत स्वस्त, तिला शेंगदाण्याच्या चिक्कीचा वास येतो. सुगरणीनं एकदा तरी चाखाव्यात अशा आहेत सगळ्या. लोक उगाच वरच्या फळीकडे बघतात.

पण ते जेवण मी विसरत नाही. बाबांच्या कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता आणि त्यांनी साहेबांना सपत्नीक जेवायला बोलावलं होतं. साहेबीणबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष, दारूबंदीवर भाषणं करायच्या. पुरणपोळी वाढून होते आहे आणि त्या स्वयंपाकघरात येतात. "वहिनी, तुमच्या लोणच्याचं फार ऐकलंय. ती मागची बरणी जुन्याची ना?" तू म्हणालीस, "बाई, ते अजून मुरायचंय." त्या हसल्या. "मी न्हाऊन नेसून आलेय, बुरशी यायची नाही." आणि त्यांनी स्वतःच बरणी पुढे ओढली आणि दादरा सोडला. माझ्या हातातली तुपाची वाटी कलली. बाहेर बाबा साहेबांना स्टोअरमधल्या नटबोल्टांची माहिती देत होते, त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. तू तव्यावरची पोळी उलटलीस.

बाईंनी वाकून वास घेतला. मग पुन्हा घेतला, सावकाश. मला वाटलं, झालं, आता बैलगाडी. त्यांनी दादरा परत बरणीवर पसरला, चुण्या सारख्या केल्या आणि तू बांधायचीस त्याहून नेटकी, फासाची गाठ मारली. "छान झालंय," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणता ते खरं. मुरू द्या अजून." आणि पानावर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी एक लहानशी रिकामी बरणी घेऊन आला. बाईंनी जुनं लोणचं मागितलंय, साहेबांना सर्दी आहे, एवढाच निरोप. तू इतकी हसलीस की तुला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. बरणी भरून दिलीस. बाबा महिन्याभरात कायम झाले आणि जन्मभर ते श्रेय नटबोल्टांना देत राहिले.

इंजिनिअर परत जायला निघाला तेव्हा तू उरलेलं त्याला वाटीत दिलंस. त्यानं घोट घेतला, थबकला आणि बाबांना काहीतरी म्हणाला. बाबा म्हणाले, "म्हणतो, आमच्या गावात इतकी वर्षं करतात, पण ही चव कुणाला साधली नाही. काय घातलंय?" हिंगाचं इंग्रजी बाबांना येईना. त्यानं वाटी पुढे केली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच 'पुरे' म्हणाला नाही.

आई, हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे, लिहून झालं की मीच डब्यात ठेवीन. एक कबूल करते. गव्हाची असो की चिक्कीच्या वासाची, बाटलीतली मला कधीच पुरती पटली नाही. म्हणून कितीतरी वर्षं मी प्रत्येक बाटली हिंगाची धुरी दिलेल्या बरणीत ओतते, मागे ठेवते आणि सुनेला सांगते, जुनं लोणचं आहे, हात लावू नकोस. आज नवी बाटली ओतायला बरणी पुढे घेतली. तळाशी घोटभरच राहिली होती, मला वाटत होतं त्याहून बरीच कमी. आणि दादऱ्याची गाठ माझ्या हातची नव्हती. चुण्या सारख्या केलेल्या, फासाची, नेटकी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. नवी बाटली ओतली आणि बरणी या वेळी पुढच्या रांगेत ठेवली, सुनेचा हात पोचेल अशी.