आईच्या आवडीचा रंग

नाना, बँकॉकला आपण काय काय पाहिलं, असं कुणी विचारलं की मी बुद्धाच्या मूर्तीचं नाव घेतो. खरं तर ती मूर्ती आता धूसर झाली आहे, तिच्या पायांपलीकडे काही आठवत नाही. दुकानं मात्र लख्ख आठवतात. घरोघरी केबल यायला लागली होती, तो काळ. आई जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि तुम्ही घरात बोलणं टाकलं होतंत. धुळ्यात देवपूरहून पांझरेच्या पुलावरून शेठजींच्या कापडदुकानात कामाला जायचात, दिवसभर गादीवर बसून परक्या बायकांपुढे साड्या उलगडायचात, हसून बोलायचात, आणि घरी आलात की गप्प. मी जळगावच्या कचेरीत फायलींमागे बसून शाळेतल्या कविता पुटपुटणारा माणूस. त्या कवितांतून मला कधीतरी वाटून गेलं होतं की दूरदेशी गेलं की माणसाचं दुःख हलकं होतं. म्हणून बँकॉकच्या सहलीत आपली दोघांची नावं घातली. तुम्ही हो म्हणालात याचंच मला नवल वाटलं. कारण विमानात कळलं.

"नवमीले तिन्हा नावनी साडी देवानी शे," तुम्ही म्हणालात. "तिले आवडी अशी."

आई सवाष्ण गेली होती, तेव्हा पितृपक्षातल्या अविधवा नवमीला सवाष्णीला जेवू घालून साडी द्यायची, हे मलाही माहीत होतं. पण जन्मभर साड्यांच्या ढिगात बसलेल्या माणसाला तिची साडी परदेशात का शोधावीशी वाटली, हे मी विचारलं नाही. इतक्या महिन्यांनी तुम्ही एक आख्खं वाक्य बोलला होतात, तेवढ्यावरच मी खूश होतो.

आणि मग ती दुकानं. देवळापुढे बस उभी राहिली की गाइड घड्याळ दाखवायचा, दुकानापुढे उभी राहिली की तोच पोरगा उदार व्हायचा. "सावकाश बघा काका, घाई नाही. बाथरूमपण इथेच आहे!" ते बाथरूम नेहमी दुकानाच्या पार शेवटच्या टोकाला, आणि तिथवर जायची वाट प्रत्येक काउंटरला वळसा घालून. रत्नांच्या कारखान्यात तर आपल्याला खेळण्यातल्या आगगाडीत बसवून अंधाऱ्या बोगद्यातून फिरवलं, खाणी दाखवल्या, आणि गाडी उजेडात आली ती थेट अंगठ्यांच्या पेटीपुढे. आपल्या बसमधल्या एरंडोलच्या अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "का रे भाऊ, आम्हाले देव दखाडाले आनं का गिऱ्हाईक म्हनून इकाले आनं?" सगळी बस हसली. मगरीच्या कातड्याच्या दुकानात त्याच अक्कांनी पर्स नाकाशी धरून पाहिली आणि म्हणाल्या, "हाई तं अजून जित्ती शे!" तुम्हीसुद्धा हसलात, नाना. मी चोरून पाहिलं.

रेशमाचं दुकान शेवटच्या दिवशी आलं. तुम्ही आत पाऊल टाकता आणि थबकता. मग हळूच एका स्टुलावर बसता. काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकाच्या जागेवर, असं बसलेलं मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. समोरची पोरगी वाकून नमस्कार करते. तुम्ही बोट दाखवता. "हाई दखाड, बाई. ती बी दखाड." तिला तुमची भाषा येत नाही, पण बोट कळतं. तागा उलगडतो. मोरपिशी, मग डाळिंबी, मग उन्हात पिकलेल्या गव्हासारखा एक रंग. माझ्या ओठांवर कवितेतले शब्द येतात आणि तुमचा चेहरा पाहून परत जातात. तुम्ही प्रत्येक रंगापाशी थांबता, मान जराशी कलती करता, जणू शेजारच्या रिकाम्या स्टुलावर कुणी आहे आणि तिचं काय म्हणणं ते ऐकायचं आहे. मग पुढच्या ताग्याकडे बोट. काउंटर भरून गेला. बसमधले बाकीचे बाहेर गेले, हॉर्न वाजला.

गाइड दारातून ओरडला, "काका, घ्यायचं तर घ्या ना एखादं! सगळे थांबलेत."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुन्ही मायले कोनता रंग आवडे रे?"

मी आठवू लागलो. आईच्या अंगावरच्या सगळ्या साड्या डोळ्यांपुढून गेल्या, हिरवी, विटकरी, निळी. पण त्या सगळ्या तुम्ही आणलेल्या.

"मी जे लई जाऊ, त्याले ती चांगलंच म्हने," तुम्ही म्हणालात. "धुयान्या बायासना रंग माले पाठ शेतस. हिनाच नही." शेठजींच्या दुकानात नोकरांच्या बायका गादीवर बसत नसत; आईपुढे असा ढीग कधी कुणी घातला नव्हता. त्यासाठी बँकॉक लागलं.

काही न घेता उठायला तुम्हाला जड गेलं. त्या पोरीबरोबर तुम्ही सगळे तागे गुंडाळू लागलात. ती आधी घाबरली, नको नको म्हणाली, मग हसून दुसरं टोक धरलं. हॉर्न वाजत राहिला. अक्काच गाइडला म्हणाल्या, "थांब रे, त्यान्हं काम शे ते."

त्या नवमीला तुम्ही शेजारच्या वहिनींनाच दुकानात नेलंत, शेठजींच्या देखत गादीवर बसवलंत आणि म्हणालात, तू निवड. त्या संकोचून म्हणाल्या, "नाना, तुम्ही द्याल ती चांगलीच असेल." तुम्ही हातातली साडी खाली ठेवलीत. "नही, तूच निवड," एवढंच पुन्हा म्हणालात. त्यांनी चिंतामणी रंगाची उचलली. पुढच्या नवमीला तुम्ही नव्हतात.

हे पत्र पाठवण्याजोगं नाही, नाना. तुम्ही त्या दुकानात जे विचारलंत, त्याचं उत्तर यात नाही. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, आणि ज्याला विचारावं असं आता कुणी राहिलेलं नाही.