महालक्ष्म्यांची माळ आणि माझा प्लग

रविवार, ३१ ऑगस्ट. गुन्ह्याची वेळ संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटे. महालक्ष्म्यांपुढच्या दिव्यांच्या माळेसाठी आमच्या यांनी माझ्या सर्व्हरचा प्लग काढला. न विचारता! माझी पाककृतींची वेबसाइट घरातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवरूनच चालते, हे ठाऊक असून! वर म्हणतात, "वाचतं कोण तुझं?"

मलाही तीच शंका होती, पण तो प्लग माझा होता.

तेवढ्यात हदगावहून अनोळखी बाईंचा फोन; साइटवरचा माझा नंबर त्यांनी आधीच उतरवून ठेवलेला. "ताई, तुमचं फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्यांचं पान उघडून नाही राहिलं. पीठ मळून बसले न मी!" मग लातूरची एक. मग हिमायतनगरची. मी फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला. यांनी गुपचूप प्लग परत लावला. हसू आवरेना मला!

"वाचतं कोण?" याचं उत्तर यांनी उद्या नैवेद्याच्या आत लेखी द्यावं.