पांढऱ्या पाण्याखालची फणी

प्रिय चंद्रिका,

तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. परवा कुंभारीला जाऊन आली. मला मात्र आठ दिवस अन्न गोड लागत नाही. कशाला हात लावला तरी शिसारी येते.

कॉलेजातलं तुझं ते ताट आठवतं? खाली मिरवणुकीतला जुना स्पीकर, वर पांढरा रंग मिसळलेलं पाणी. थरथर वाढवली की लाटांचे सरळ पट्टे मोडून नुसती खळबळ माजायची. मग तू दुसरा बारीक सूर मिसळून त्यांना पुन्हा ओळीत आणायचीस. दहातून सात वेळा जमायचं. उरलेल्या तीन वेळाही तू वहीत जशाच्या तशा लिहायचीस. मला अभिमान होता तो त्या तिनांचाच.

तू बंगळूरला गेल्यापासून प्रयोगशाळा सोमेश सांभाळतो. गेल्या सोमवारी तपासणी समिती आली, तेव्हा त्यानं तुझ्या नावाची पाटी लावून ताट मांडलं. विभागप्रमुख म्हणून मी चाळीस मिनिटं बोललो. सत्य, विज्ञान, सोलापूरची लेक! टाळ्या थांबेनात. पट्टेही असे सरळ, की एकदासुद्धा मोडले नाहीत.

समिती गेल्यावर सोमेशनं पाणी ओतून दिलं. तळाला हातमागाची फणी चिकटवलेली होती, धागे वेगळे राखणारी, बारीक तारांची. तिनंच लाटा ओळीत धरल्या होत्या. तुझा सूर बंदच होता. सोमेश हसला. "सर, त्या फसणाऱ्या तिनातली एक वेळ त्यांच्यासमोर आली असती तर लई शोभा झाली असती की!" प्राचार्यांनी पेढे मागवले. किळस आली त्या हसण्याची, त्या पेढ्यांची. आणि पेढा मीही खाल्ला.

आता खरं लिहितो. ती फणी तुझ्या आजोळच्या बंद मागाची. रविवारी सोमेश मागायला आला, तेव्हा कशाला हवी ते त्यानं सांगितलं होतं. "नीट चिकटव, दिसायला नको," एवढंच मी म्हणालो. भाषण लिहून तयार होतं. ते वाया जाऊ नये, इतकीच माझी तत्त्वं. काल समितीला माझ्या सहीनं सगळं कळवलं. आता लोक तुझ्या सात वेळांवरही संशय घेतील, आणि ती घाण माझ्या हातची आहे. म्हणून विचारतो, येशील? त्यांच्यासमोर तूच ताट चालव. पाण्यात रंग टाकू नकोस, तळ सगळ्यांना दिसू दे. लाटा मोडल्या तर मोडू देत. मी मागच्या बाकावर बसेन, तोंड मिटून.

तुझाच,
शिवपुत्रमामा