उठाबशांच्या धंद्याची वाटणी

हे लिहायला मी अकरा दिवस टाळाटाळ केली. हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, "सक्ती नाही, पण अवयव देणाऱ्यानं लिहून ठेवलेलं बरं असतं." तेव्हापासून मी डंबेलांचा गंज काढला, आरशांचे स्क्रू बदलले, स्कूटरचं ऑइल बदललं. एकदा कोरा कागद घेऊन बसले ती सणाच्या बाजाराची यादी करून उठले. आज रविवार आहे, दुपारपर्यंत कोणी येत नाही, आणि घासायला काही उरलेलं नाही. म्हणून लिहिते.

तर मी, वंग शिन-लान, वय वर्षे एकतीस, धंदा एकेकाला व्यायाम शिकवणे, राहणार हायवेई बंदर, बर्फाच्या कारखान्याच्या वरचा मजला, जिल्हा पिंगतुंग, आज पूर्ण शुद्धीत आहे. महिनाभर दारूचा थेंब घेतलेला नाही, कारण दात्याला बंदी आहे. कोणी दडपण आणून हे लिहवून घेत नाही; उलट समोर बसलेल्या दोघी "नको लिहूस" म्हणून मागे लागल्या आहेत. अशा स्थितीत माझ्या मागे काय कोणाचं, हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवते.

कारण असं की, या महिन्याच्या तेवीस तारखेला कावश्युंगच्या हॉस्पिटलात माझ्या यकृताचा अर्ध्याहून मोठा तुकडा कापून काका वंग थ्येन-फू याला बसवायचा आहे. दाता दगावण्याची शक्यता फार कमी, असं डॉक्टर म्हणाले. मी गिऱ्हाइकांना गुडघ्यांबद्दल असंच सांगते.

पण तारीख अजून कच्ची आहे. वीस तारखेला काकाची परीक्षा आहे. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि सहा मिनिटं न थांबता चालायचं. एवढं जमलं नाही तर एवढी मोठी शस्त्रक्रिया अंगाला झेपणार नाही, मग ती पुढे ढकलणार. त्याचं पोट ज्या वेगानं पाण्यानं भरतंय ते बघता 'पुढे' म्हणजे कधी, हे कोणी बोलत नाही. आज काका दोनदा उठतो, तिसऱ्यांदा मागे पडतो. आणि माझ्याकडून शिकायला तयार नाही. अख्ख्या बंदराला खुर्चीतून उठवून मी पोट भरते, पण घरचा माणूस बसलेलाच आहे.

कलम पहिलं. धंदा, म्हणजे नाव, पाटी, भाड्याच्या जागेचा उरलेला करार आणि फोनवरचा गिऱ्हाइकांचा गट, हे सर्व माझी सहकारी चुआंग पेइ-रू हिला द्यावं. ती माझ्यासमोरच बसली आहे.

"कोच, मला नको. मला हिशेबातलं काही कळत नाही."

"मला तरी कुठे कळत होतं? सोळाव्या वर्षी शाळा सोडली मी."

"पण तुम्ही ऑस्ट्रेलियाला तरी गेला होतात."

गेले होते, पण शिकायला नव्हे. त्याआधी चहाच्या दुकानात होते, मग तैतुंगला पोहण्याच्या तलावावर, मग कावश्युंगला एका मोठ्या जिमसाठी सिग्नलवर उभं राहून जाहिरातीचे कागद वाटत होते. कुठेच वर्षभर टिकले नाही. ऑस्ट्रेलियात मांसाच्या कारखान्यात सात महिने काढले, त्यातले शेवटचे तीन फक्त एका म्हाताऱ्या खाटकापायी. तो साठीचा होता आणि अख्खा अर्धा बैल खांद्यावर घेऊन चालायचा. मी विचारलं, कसं? तो म्हणाला, आधी श्वास, मग पाय, पाठीला कळूसुद्धा द्यायचं नाही. माझं सगळं शिक्षण एवढंच. बाकीची प्रमाणपत्रं नंतर परीक्षा देऊन मिळवली. ती भिंतीवर आहेत, तीही पेइ-रूचीच समजावीत, पण नाव माझं असल्यानं तिनं ती टांगू नयेत.

कलम दुसरं. सामान. लोखंड सगळं पेइ-रूला. बांधकामाच्या परांचीचा साडेतीन मीटरचा पाइप आणि त्याला बांधलेल्या वाळूच्या चार पिशव्या मात्र भंगारात द्याव्यात. मला ते आजवर जमलं नाही. का, ते लिहिते, कारण त्याशिवाय काकाचं कळणार नाही.

सहा वर्षांपूर्वी मी गावी परत आले तेव्हा काका आमच्या देवळाच्या पालखीचा म्होरक्या होता. सतराव्या वर्षापासून त्यानं वांगये देवाला खांदा दिलेला. माझे वडील समुद्रात गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून त्याच खांद्यावर मीही. मी त्याला म्हटलं, "काका, तुझी पोरं मिरवणुकीनंतर आठ-आठ दिवस पाठ धरून बसतात. तीन महिने दे मला, मी तयार करते." त्यानं देवळाच्या समितीशी भांडून दिले. ती माझी पहिली आठ गिऱ्हाइकं.

बायकांनी पालखीच्या खऱ्या दांड्याला हात लावायचा नसतो, म्हणून हा पाइप. फोनवर टकटक लावून मी त्यांना एका ठेक्यात चालायला शिकवलं. खांदे एका रेषेत, श्वास एकदम, पाऊल एकदम. तीन महिन्यांनी आठ माणसं आठ पायांच्या एका जनावरासारखी चालू लागली.

मिरवणुकीच्या दिवशी देवळापासून किनाऱ्यापर्यंत पालखी अशी गेली की वर चहाचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. मी कडेनं चालत होते, ऊर भरून आला होता. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की कोणी फटाके लावत नाहीये.

देव पालखीत आला की पालखी डुलते. झटके घेते, मागे सरते, भलत्याच गल्लीत शिरते, आणि खांदेकरी तिच्या ओढीनं जातात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मलाही होतं. पण ती ओढ म्हणजे काय, हे खांदा दिला असता तर कळलं असतं. मी आपली ओढीचं औषध शोधून काढलं. समितीच्या अध्यक्षांनी किनाऱ्यावर कौल लावला. तीनदा लावला, तीनदाही नकाराचाच आला. देव पालखीत बसलाच नाही म्हणाले. काकानं सगळ्यांदेखत गुडघे टेकून माफी मागितली आणि म्होरक्याचा पिवळा पट्टा काढून दिला.

घरी येऊन जेवताना एकच बोलला. "चाळीस वर्षं माझ्या खांद्यावर देव नाचला. तू तीन महिन्यांत त्याला झोपवलंस."

कलम तिसरं. पोस्टातली बचत काकूला. ती किती आहे ते कोणाला सांगायचं नाही, काकाला तर नाहीच. अंत्यविधीला मोठा मंडप नको, भाड्याचे रडणारे नकोत. राख समुद्रात, कायद्यानं जिथे परवानगी असेल तिथे.

कलम चौथं. रुसवे. अध्यक्षांवर माझा राग होता तो मी सोडला, कारण त्यांची बायको गेली तीन वर्षं माझ्याकडे येते आणि घरी सांगत नाही. चौकातल्या नव्या जिमच्या मालकावर सोडलेला नाही. त्यानं पासष्ट वर्षांच्या बाईला पहिल्याच दिवशी जड बार उचलायला लावला आणि वर फोटो काढला. तो माझ्या फोटोसमोर उदबत्ती लावायला आला तर येऊ द्यावं, चहा देऊ नये.

कलम पाचवं, आणि हे पेइ-रूनं दोनदा वाचावं. धंदा कसा वाढला ते सगळे विचारतात. त्या मिरवणुकीनंतर आठही माणसं मला सोडून गेली. पाटी उतरवायला मी शिडी लावली होती तेवढ्यात मासळी बाजारातल्या शुए मावशी खाली येऊन उभ्या राहिल्या. शुए आ-हाओ, तेव्हा वय सहासष्ट, ट्यूना कापण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

"उतर खाली. माझा नवरा दर मिरवणुकीनंतर आठवडाभर पालथा पडून कण्हतो. या वेळी दुसऱ्या दिवशी उठून त्यानं जाळी धुतली."

"मावशी, पण देव बसला नाही."

"देवाचं देव बघेल. मला ते पाठीचं शिकव."

त्या आल्या, मग त्यांच्या रांगेतल्या सहा जणी, मग बर्फवाले, मग शाळेच्या मुख्याध्यापिका. जाहिरात मी कधी केली नाही. पहाटेचा लिलाव संपला की बाजारात जाऊन उभी राहायचे आणि माशांची पेटी उचलणाऱ्याला म्हणायचे, थांबा, आधी श्वास. आज त्रेसष्ट जण आहेत. पेइ-रू, तू पुढे एवढंच कर. पहिल्या दिवशी कोणाला वजन देऊ नकोस, खुर्चीतून उठायला सांग आणि बघ. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नकोस. एकदम दहाच्या वर तासांचे पैसे आगाऊ घेऊ नकोस. माणूस आपणहून परत आला पाहिजे. आला नाही तर फोन करून रागावू नकोस, गुडघा कसा आहे ते विचार. आणि प्रत्येकाची ओढ वेगळी असते. मी टकटक लावणं सोडलं आहे. तूही लावू नकोस.

समोरच्या दुसऱ्या खुर्चीतून शुए मावशी मध्येच म्हणतात, "माझं नाव किती वेळा लिहिलंस?"

"तीनदा."

"मग साक्षीदार कशाला हवी मी, सगळी साक्ष तर तूच दिलीस."

कलम सहावं. काका. मी गेले आणि तो राहिला, तर माझं दिलेलं परत मागायचं नाही, हे उघड आहे. पण काकाला रोज उठवणं हे पेइ-रूचं काम राहील. मागच्या मंगळवारी तिला पाठवलं तर त्यानं चप्पल फेकून मारली. तिनं ती झेलली आणि म्हणाली, "नेम चांगला आहे, खांदा शाबूत आहे." शनिवारी मी स्वतः गेले.

"काळीज देतेयस तर दे," काका म्हणाला. "पोरीचं घेताना मला लाज वाटते ती वाटते. वर उठाबशा काढायला लावू नकोस."

"शिक्षा नाही रे ती."

"मग काय आहे?"

"पाच वेळा उठलास की डॉक्टर हो म्हणतील."

"डॉक्टरांसाठी उठेन. तुझ्या ठेक्यावर नाही."

"ठेका नाहीच आता. तुझ्या मनानं ऊठ."

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. काकू दारापर्यंत आली, हातात दोन पपनसं दिली, सोमवारच्या सणासाठी. म्हणाली, "रात्री एकटाच खुर्चीशी झटतो गं. पडला काल. तुला सांगू नको म्हणाला." म्हणजे तो चुकीचं करतोय, पाय फार पुढे ठेवून. पाय गुडघ्यांच्या मागे घे, नाक पायाच्या बोटांवर आण, मग ऊठ. एवढंच आहे. हे वाक्य कोणीतरी, कोणाच्याही तोंडून, त्याच्या कानावर घालावं. मी गेले तर ही माझी शेवटची इच्छा समजावी, आणि नाही गेले तरी समजावी.

हे सगळं माझ्या हातचं आहे. हातानं लिहिलेल्या कागदाला इथे साक्षीदार लागत नाहीत, असं वकिलांच्या कारकुनानं सांगितलं, पण खाली एकटीचंच नाव बरं दिसेना.

सही: वंग शिन-लान (नावाचा शिक्काही मारला आहे)
साक्षीदार: शुए आ-हाओ, मासे कापणे
साक्षीदार: चुआंग पेइ-रू, "सही केली म्हणजे धंदा घेतला असं नाही"
ठिकाण: हायवेई बंदर. प्रजासत्ताक वर्ष ११४, म्हणजे इसवी सन २०२५, ऑक्टोबर महिना, तारीख पाच.

सहीनंतर वाढवलेला मजकूर, नियमाप्रमाणे खाली पुन्हा सही करते: पेइ-रू खिडकीतून सांगते आहे की काका आलाय. एकटाच. स्कूटर रस्त्याच्या मधोमध सोडली आहे. जिन्यावरून ओरडून तिला म्हणाला की तो फक्त बर्फ न्यायला आलाय. बर्फ खाली मिळतो, आणि तो चढतोय.

वंग शिन-लान